आबांचं पान आणि माझी भूक

थांबा, ही मिसळ नक्की माझीच ना? कोणी कोणासाठी काढून ठेवलेली नाही ना? हसू नका रे. गेल्या रविवारपासून मी समोरचं ताट कोणाचं आहे हे विचारल्याशिवाय घास उचलत नाही.

का, ते सांगतो. तसाही मला वेळ काढायचाच आहे. तिकडून फोन येईपर्यंत मागे फिरायचं नाही असं मला बजावलंय, म्हणून तर न कळवता तुमच्या राइडमध्ये घुसलो. आज मी हौसेने सायकल चालवत नाहीये. मला हाकललेलं आहे.

मानसीला तुम्ही सगळे ओळखता. आमचं जमलं तेच मुळी खाण्यावरून. रविवारी परळहून निघायचं, दादरच्या फुलबाजारात उगाच एक चक्कर, कुठे थालीपीठ, कुठे मिसळ, मग इथे गिरगावात येऊन पोटात जागा नसताना पियूष. आठवतं, मागे आपण सगळे सायकली टेम्पोत टाकून नाशिकला द्राक्षाच्या मळ्यात गेलो होतो? जेवण केळीच्या पानावर, भातावर झेंडूची पाकळी, बाजूला घोटभर वाइनचा छोटासा पेला, आणि माशा येऊ नयेत म्हणून टेबलाजवळ उदबत्ती. तेव्हा मी म्हणालो होतो, रोज असं जेवायला मिळालं तर काय हवं आयुष्यात. ते पान नीट लक्षात ठेवा. त्याच पानाने माझा घात केला.

तर मानसीचे वडील. चिंचपोकळीला चाळीत राहतात, सगळी चाळ त्यांना भाऊ म्हणते, मीही भाऊच म्हणतो. माणूस सज्जन. गेलो की चहा मिळतो, बसायला खुर्ची मिळते, उत्तर मिळत नाही. ते मराठा, मालवणकडचे. मी भोईवाड्याचा, बौद्ध. भाऊंनी ही गोष्ट कधी तोंडाने काढली नाही. काढली असती तर भांडता तरी आलं असतं. ते फक्त भिंतीवरच्या फोटोकडे बघायचे आणि म्हणायचे, "माझं काही नाही रे संदेश. तू चांगलाच आहेस. पण आबा असते तर काय म्हणाले असते, ते कळत नाही बघ."

आबा म्हणजे भाऊंचे वडील. मिलमध्ये आयुष्य गेलं, आणि दोन वर्षांपूर्वी आबाही गेले. आता मला सांगा, जिवंत माणसाला पटवता येतं, त्याच्या पाया पडता येतं. फोटोला कसं पटवायचं? वर्ष झालं, मी एका फोटोच्या होकाराची वाट बघतोय.

आणि मग मानसीचा फोन आला.

"रविवारी आबांचा म्हाळ आहे. बाबा म्हणाले, संदेशला जेवायला बोलाव."

"भाऊ म्हणाले? स्वतः?"

"स्वतः. पण लगेच हुरळून जाऊ नकोस. नेहमीसारखा सायकलवरून ये. जाता जाता आल्यासारखा."

म्हाळ म्हणजे पितृपक्षातलं श्राद्धाचं जेवण, एवढं मला ठाऊक होतं. त्याच्यापुढे शून्य. आमच्या घरात तीन पिढ्या श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळा नाही. माझे आजोबा गेले तेव्हा वंदना झाली, पुण्यानुमोदनाला सगळे जमले, आणि जेवण माणसांनी जेवलं. कावळ्याचा मान मी बघितला तो फक्त टीव्हीवर. त्यात नदीचा घाट असतो, भटजी असतात आणि भाताचा एक गोळा असतो. त्यामुळे माझ्या डोक्यात पक्कं होतं की कावळ्याचं जे काही असतं ते घाटावर, आणि ते म्हणजे गोळा. हे नीट ऐकून ठेवा, कारण कोर्टात माझा बचाव एवढाच आहे.

रविवारी सकाळी आई म्हणाली, "अरे, निदान चपाती खाऊन जा."

मी म्हणालो, "आज पोट रिकामं ठेवायचंय. तिथे दोनदा वाढून घेतलं नाही तर काय इम्प्रेशन पडणार?"

दादरला जाऊन आबांच्या फोटोसाठी शेवंतीचा हार घेतला. सायकलच्या बॅगेत भाऊंसाठी तीच नाशिकची वाइन होती, दिवस बघून देऊ म्हणून. पण धीर कुठला धरवतोय? हिंदमाता, लालबाग, परत हिंदमाता, असा घाण्याच्या बैलासारखा फिरलो आणि तरीही चिंचपोकळीला पोचलो तो वेळेच्या कितीतरी आधी. पोटात नुसता खड्डा. खालून मानसीला फोन लावला.

ती कुजबुजली, "आत्ता घरात नको येऊस. इथे सगळी पळापळ चाललीय, आत्या रडतेय. मागच्या जिन्याने गच्चीवर जाऊन थांब. सायकल चालवून भूक लागली असेल ना? वर खायला ठेवलंय तुझ्यासाठी."

काय मुलगी आहे. मी सायकलला कुलूप घातलं आणि जिना चढलो.

वर गेलो आणि गहिवरलो हो. कठड्यावर केळीचं पान मांडलेलं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, लाल भोपळ्याची भाजी, अळू, वरणभात, खीर. भातावर झेंडूची पाकळी. बाजूला उदबत्ती. आणि स्टीलच्या छोट्या पेल्यात घोटभर रम.

तुम्हीच सांगा, मी काय समजणार? मला वाटलं, हिला आमचं नाशिकचं जेवण आठवलं. घरात एवढी गडबड, त्यात माझ्यासाठी पान मांडलं, फूल ठेवलं, माशांसाठी उदबत्ती लावली, आणि मी घाबरलेला असणार म्हणून भाऊंच्या कपाटातून घोटभर रमसुद्धा पळवून आणली. माझे डोळे भरून आले. खोटं नाही सांगत. मनात म्हटलं, संदेश, जन्म गेला तरी या मुलीला सोडायचं नाही.

पानाजवळ दोन कावळे आले होते. एक तर अगदी चोच वाकवून वड्यापर्यंत पोचला होता. मी काय केलं असेल? हेल्मेट काढलं आणि त्याच्या अंगावर धावून गेलो. दबक्या आवाजात म्हणालो, "हाड. माझं आहे ते." तो टाकीवर जाऊन बसला आणि माझ्याकडे एकटक बघत राहिला. मीही त्याच्याकडे बघून वडा मोडला.

चव काय सांगू तुम्हाला. एक वडा, दोन वडे, सांबारं बोटाने पुसून. पुढच्या जिन्याच्या दारामागून कोणीतरी पुटपुटल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, कोणी फोनवर बोलत असेल. खीर चाटली, पेला एका घोटात संपवला, आणि तोंडात शेवटचा वडा असताना त्या दाराची कडी वाजली.

आता जावई होऊ घातलेला माणूस चाळीच्या गच्चीवर चोरून जेवताना सापडला तर बरं दिसतं का? मी हेल्मेट उचलून टाकीच्या मागे बसलो. दार उघडलं, भाऊ आले, मागून आत्या, मागून शेजारपाजारचे.

मग आत्याने जो हंबरडा फोडला. "गो बाय, पान साफ केल्यान. माझ्या आबान पान साफ केल्यान."

शेजारचा एक जण म्हणाला, "पण पेलासुद्धा रिकामा? कावळा रम पितो?"

"आबाच होते ते," आत्या म्हणाली. "आबान कधी पेलो भरलेलो ठेवल्यान?"

टाकीच्या मागे माझा घास घशात अडकला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तेव्हाच माझ्या पायाला काहीतरी लागलं. स्टीलचा डबा. टाकीच्या सावलीत, फडक्यात नीट गुंडाळलेला. आत दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. मानसीने माझ्यासाठी ठेवलेलं खाणं.

मी फटीतून बघितलं. भाऊ त्या रिकाम्या पानासमोर हात जोडून उभे होते. मागे सगळं घर हात जोडून उभं. आणि मला हसू आलं नाही. खरं सांगतो, काहीतरी वेगळंच आलं. या पानावर माझ्या पणजोबांची नुसती सावली पडली असती तरी ते फेकून दिलं असतं. ते मी बोटाने पुसून खाल्लं होतं आणि सगळे त्याला नमस्कार करत होते. पण त्या विचारापाशी थांबायला वेळ नव्हता, कारण मला ठसका लागत होता आणि तो दाबायचा होता.

सगळे खाली गेल्यावर मी मागच्या जिन्याने उतरलो, तोंड धुतलं, आणि हार घेऊन पुढच्या दाराने नुकताच आल्यासारखा गेलो. घरात आनंदीआनंद. मला पहिल्या पंगतीत बसवलं. समोर तेच पान, तेच वडे. पोटात तिळाएवढी जागा नाही.

"लाजतोय," आत्या म्हणाली आणि आणखी दोन वडे वाढले.

मानसी वाढायला वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "डब्यातलं खाल्लंस ना?"

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. मग तिची नजर माझ्या शर्टावर गेली. तिथे सांबाऱ्याचा डाग होता, आणि माझ्या पानातलं सांबारं तर अजून जसंच्या तसं होतं. ती सरळ स्वयंपाकघरात गेली.

जेवणं झाली आणि भाऊंनी मला गॅलरीत बोलावलं. खांद्यावर हात ठेवला. वर्षभरात पहिल्यांदा. मला वाटलं, झालं, जमलं. आबा प्रसन्न, भाऊ प्रसन्न, माझं काम झालं.

"संदेश, तुला खोटं सांगणार नाही," भाऊ म्हणाले. "आज कावळा शिवत नव्हता. आम्ही पान नेहमी खिडकीबाहेरच्या पत्र्यावर ठेवतो. एक कावळा फिरकला नाही. मानलं, आबांच्या मनात काहीतरी राहिलंय. मग मी एकेक बोलत गेलो. म्हटलं, गावच्या घराची कौलं बदलतो. नाही शिवला. म्हटलं, धाकट्या भावाशी बोलणं सुरू करतो. नाही शिवला. शेवटी पान गच्चीवर नेलं. माणसं बघून येत नसेल म्हणून दाराआड उभे राहिलो. आणि मी ते बोललो."

"काय बोललात?"

"म्हटलं, आबा, मानसीचं त्या मुलाशी जमतंय. ते तुम्हाला पसंत नसेल, तर शिवा. मी मोडतो."

भाऊंनी माझ्या खांद्यावरचा हात काढला. मग म्हणाले, "दार उघडलं तर पान साफ. आता तूच सांग, मी काय करू?"

मंडळी, माझी काय अवस्था झाली असेल? वर्षभर ज्या उत्तराची वाट बघितली ते उत्तर मीच दिलं होतं, आणि तेही चाटूनपुसून. गप्प बसावं तर मानसी गेली. बोलावं तर मेलेल्या माणसाच्या तोंडचा घास खाल्ला हे त्याच्याच मुलाला सांगायचं, आणि वर त्याची रमही प्यायलो हे सांगायचं. जगात कुठल्या जावयाने असा अर्ज केला असेल?

"भाऊ," मी म्हणालो, "तो कावळा नव्हता."

"मग?"

"मी होतो."

भाऊ माझ्याकडे बघत राहिले. खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"सगळं पान?"

"हो."

"खीर?"

"चाटून."

"आणि पेला?"

"भाऊ, मला वाटलं मानसीने माझ्यासाठी..."

दाराआडून आत्याने दुसरा हंबरडा फोडला. "म्हणजे माझो आबा उपाशी ऱ्हवलो."

आणि तेवढ्यात मानसी बाहेर आली. मला वाटलं, आता मला खाणार. पण ती माझ्याकडे वळलीच नाही.

"बाबा, माझं लग्न तुम्ही कावळ्याला विचारलंत? मी आत वडे तळत होते. मला विचारायचं सुचलं नाही?"

भाऊंनी मान खाली घातली. "तू काय म्हणशील ते माहीत होतं गं. म्हणून नाही विचारलं."

मग भाऊ माझ्याकडे वळले. चिडले असते तर बरं वाटलं असतं, पण ते शांतपणे म्हणाले, "पण संदेश, एक आहे. पसंत नसेल तर शिवा, असं मी म्हटलं होतं. आणि शिवलास तू. म्हणजे नकार तुझाच धरायचा ना?"

मी दारातून आत, आबांच्या फोटोकडे बघितलं. मीच घातलेला हार होता त्यावर. का कोण जाणे, फोटो हसतोय असं वाटलं.

शेवटी भाऊंनीच वाट काढली. म्हणाले, "सर्वपित्रीला परत पान ठेवू. आबा उपाशी नकोत. आणि या वेळी उलटं बोलतो. पसंत असेल, तर शिवा. यापेक्षा जास्त मला नाही जमणार."

त्यांच्यापुरतं ते फार होतं, हे मला कळतं. मानसीलाही कळतं, म्हणून ती दातओठ खाऊन हो म्हणाली. घरी आईला सगळं सांगितलं तर ती कपाळाला हात लावून बसली. "तुझ्या पणजोबाने सोडलं, आजोबाने सोडलं, आणि तू वड्यासाठी परत घेऊन आलास?" तेव्हापासून घरात माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

तर आज सर्वपित्री. सकाळीच गेलो. गच्चीवर पान मांडलं. रमची बाटली संपलेली, शेवटचा घोट मीच प्यायलेला, म्हणून पेल्यात माझी नाशिकची वाइन ओतली. आत्या म्हणाली, "ह्यां लाल पाणी आबा पिवचो नाय." भाऊंनी हात जोडले आणि ठरलं तसं बोलले. पसंत असेल तर शिवा. स्पष्ट, मोठ्याने, सगळ्यांसमोर.

आणि कावळा आला हो. टाकीवर बसला. पान बघितलं. मग मला बघितलं. तोच होता. शपथेवर सांगतो, तोच. मान तिरकी करून त्याने मला नीट ओळखलं, काव काव करून आणखी चार जणांना बोलावलं, त्यांना बहुतेक दाखवलं, आणि सगळे उडून गेले.

भाऊंचं म्हणणं, वाइनमुळे. आत्याचं म्हणणं, माझ्यामुळे. मानसीने मोबाइलवर शोधून सांगितलं की त्रास देणाऱ्या माणसाचा चेहरा कावळे वर्षानुवर्षं विसरत नाहीत. त्यावर आत्या तिला पहिल्यांदाच शहाणी म्हणाली. मग मला गच्चीवरून खाली पाठवलं. कावळा येईना. चाळीबाहेर पाठवलं. येईना. मानसीचा फोन, जरा लांब जा. मी लालबागला जाऊन उभा राहिलो. परत फोन, टाकीवर बसलाय पण उत्तरेकडे बघतोय, दुसरीकडे जा. म्हणून भायखळ्याला आलो, तिथे तुम्ही भेटलात, आणि तुमच्या मागे मागे इथपर्यंत आलो. मी इथे मिसळ घेऊन बसलोय. तिकडे पान वाळत असेल.

थांबा. थांबा जरा, तिचाच फोन आहे.

"हां मानसी, बोल. शिवला?... नाही?... कोण, भाऊ म्हणतायत?... अगं पण मी गिरगावात आहे, चौपाटीच्या तोंडावर. आणखी लांब कुठे जाऊ? पुढे समुद्र आहे."